महापुरातला मोबाईल

पावसाळ्यात कोल्हापूरकर दिवसातून दहादा एकच आकडा विचारतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीनं ५५ फुटांची रेघ ओलांडली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांची. दोन्ही वेळा शाहूपुरी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर पाण्याखाली गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. चिखली, आंबेवाडी रिकामी करावी लागली आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांना बेटांचं रूप आलं. बंधाऱ्यावरचा आकडा आता लोक मोबाईलवर बघतात, नावेची वाट बघताना फोनही मोबाईलवरूनच करतात. आणि कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर येताना हाच मोबाईल खिशात भिजून जातो.

कळंबा हे कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला, उंचावर आहे. कात्यायनीच्या डोंगरावरचं पावसाचं पाणी कळंबा तलावात उतरतं. तलाव भरला की ते सांडव्यावरून जयंती नाल्याच्या वाटेनं शहरात जातं आणि शेवटी पंचगंगेला मिळतं. नदीचा फुगवटा मात्र उलटा चढून कळंब्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पूर आला की सखल भागातली माणसं इकडच्या पै-पाहुण्यांकडे मुक्कामाला येतात. जनावरांचा घोर, कागदपत्रांची पिशवी आणि बंद पडलेला फोन ती सोबत घेऊन येतात. कळंबा रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीची छोटी छोटी दुकानं आहेत. अशा दुकानांच्या काउंटरवर पुराच्या दिवसांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘परवा पडला. तांदळात ठेवला होता. चार्जिंगला लावून बघितला, पण चालू होईना.’ त्यामागोमाग, आवाज थोडा खाली आणून : ‘सेट गेला तरी चालेल, फोटो तेवढे काढून द्या.’

या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख आहे. भिजलेला फोन वाचतो की नाही, हे पहिल्या काही मिनिटांत आपण काय करतो यावर ठरतं. त्यातले फोटो, हिशेब आणि माणसांचे आवाज वाचतात की नाही, हे मात्र पाणी यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. पुराच्या जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येक घराला हा फरक माहीत असायला हवा.

२००५ चा फोन आणि २०१९ चा फोन

२००५ च्या महापुरातही फोन भिजले. पण तेव्हाचा फोन बटणांचा होता. मागचं झाकण सरकवलं की बॅटरी हातात यायची. नंबर सिमकार्डात साठवलेले असायचे. सिम काढून पुसलं आणि दुसऱ्या फोनमध्ये घातलं की माणूस पुन्हा जगाशी जोडला जायचा. फोटो कपाटातल्या अल्बममध्ये होते, बँकेचं पासबुक ट्रंकेत होतं.

पुढच्या १४ वर्षांत सगळं फिरलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. दूध संस्थेचं बिल, कारखान्याच्या उसाच्या पावत्यांचे फोटो, सातबारा, पोरीच्या बारशाचे व्हिडिओ, गेलेल्या आजीचा व्हॉट्सॲपवरचा आवाज, भिशीचा हिशेब, सगळं एका काचेच्या पाटीत जमा झालं. पेटी, अल्बम, पासबुक आणि डायरी एकाच वेळी पाण्यात पडावी, असा प्रसंग आधीच्या कुठल्याही पुरात आला नव्हता. तो २०१९ मध्ये आला आणि दोनच वर्षांनी पुन्हा आला.

कागदावरच्या फोटोचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं आणि त्यावर इलाजही असतो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये चिखलात सापडलेले फोटो स्वच्छ पाण्यात धुऊन, वाळवून, स्कॅन करून ठेवण्याचं मोठं काम झालं. रिको या एकाच कंपनीच्या उपक्रमानं सुमारे चार लाख फोटो हाताळले. कागद पाण्यात धुऊन सुकवता येतो. फोनच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे, कारण त्याच्या आत वीज असते.

पाणी आत नेमकं काय करतं

पाण्यानं फोन बिघडतो, हे अर्धंच खरं आहे. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक. आपल्या नळाच्या, तलावाच्या, पुराच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात आणि क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सत्तरपट असतं. मालवणला किंवा गणपतीपुळ्याला लाटेत पडलेला फोन कळंबा तलावात पडलेल्या फोनपेक्षा कितीतरी लवकर मरतो, तो यामुळेच. पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात शेतातली खतं, गटाराचं पाणी, गाड्यांमधलं तेल आणि बारीक गाळ असं सगळं मिसळलेलं असतं.

असं पाणी फोनच्या बोर्डवर पसरलं आणि बॅटरी जोडलेलीच राहिली, की रासायनिक क्रिया सुरू होते. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात आणि फोनच्या बॅटरीत पावणेचार व्होल्टच्या आसपास दाब असतो. जिथं दाब जास्त, तिथला तांब्याचा आणि कथलाचा थर विरघळून पाण्यात उतरतो आणि कमी दाबाच्या जागी जाऊन बसतो. दोन जोडण्यांच्या मध्ये धातूचे बारीक तंतू वाढतात आणि त्यातून शॉर्ट होतो. हिरवट-पांढरा थर चढतो. दुरुस्तीवाले त्याला ‘कार्बन’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तो तांब्याच्या क्षारांचा गंज असतो. चार्जिंगची जागा, बॅटरीचा कनेक्टर आणि पॉवर आयसी (बोर्डला वीज वाटून देणारी चिप) ही पहिली बळी पडणारी ठिकाणं, कारण विजेचा दाब तिथंच सतत असतो.

पुष्कळ जण इथं फसतात. फोन ‘स्विच ऑफ’ केला म्हणजे आतली वीज थांबली, असं आपण धरून चालतो. स्विच ऑफ केल्यानं स्क्रीन आणि प्रोसेसर थांबतात. बॅटरीपासून पॉवर आयसीपर्यंतची मुख्य लाईन मात्र चालूच असते. आजच्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते, ती आपल्याला काढता येत नाही. म्हणून ‘बंद करून आठ दिवस कपाटात ठेवला होता’ असा फोन उघडला की आत आठ दिवसांचा गंज सापडतो. पाणी वाळून गेलेलं असतं, नुकसान मात्र रोज वाढत राहिलेलं असतं. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२७ पासून, काही सवलती ठेवून, उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता याव्यात असा नियम केला आहे. पुरात राहणाऱ्या माणसांना अशा नियमाचं मोल सांगायला नको.

पहिली दहा मिनिटं

फोन पाण्यातून काढल्याबरोबर बंद करायचा. चालू असेल तर ‘चालतोय की’ म्हणून फोन लावायचे नाहीत, फोटो बघत बसायचं नाही. बंद पडलेला असेल तर पुन्हा चालू करून बघायचा नाही. टच चालत नसेल तर बटणं दाबत बसण्यापेक्षा थेट दुकान गाठावं. कव्हर काढावं, सिमचा ट्रे बाहेर ओढावा, मेमरी कार्ड असेल तर तेही काढावं. सुती फडक्यानं वरून पुसावं. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन तळव्यावर हलकेच आपटला की तिथलं पाणी बाहेर येतं. जोरानं झटकू नये. झटकल्यानं पाणी कोरड्या भागातही पसरतं.

सगळ्यांत मोठं पथ्य चार्जरचं आहे. फोन ओला असताना चार्जर लावला की आत बाहेरून आणखी वीज जाते आणि जो फोन नुसत्या साफसफाईनं सुटला असता, त्याची चार्जिंग आयसी जळते. पुरात लाईट गेलेली असते, बॅटरी उतरलेली असते आणि घरच्यांना खुशाली कळवायची घाई असते. जनरेटरवर किंवा पाहुण्यांच्या घरी लाईट दिसली की हात पहिल्यांदा चार्जरकडे जातो. तो आवरावा. फोन दुसऱ्याचा घ्यावा आणि आपलं सिम पुसून त्यात घालावं.

तांदळाचा डबा हा आपल्या घराघरातला आवडता उपाय. तांदूळ हवेतली ओल थोडीफार ओढतो, पण बंद काचेच्या आत, धातूच्या झाकणाखाली अडकलेलं पाणी तो ओढू शकत नाही. उलट त्याची पांढरी भुकटी आणि कण चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. ॲपलनं आपल्या ग्राहकांना दिलेल्या सूचनांत आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे. तांदळाचा खरा तोटा वेगळाच आहे. ‘काहीतरी केलं’ या समाधानात दोन-तीन दिवस निघून जातात आणि गंज नेमका त्याच दिवसांत चढतो. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा बऱ्या, पण त्याही आतला क्षार काढत नाहीत. पाणी उडून गेलं तरी क्षार तिथंच राहतो आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा कामाला लागतो.

हेअर ड्रायर, चुलीची धग, गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवणं हेही टाळावं. उष्णतेनं स्क्रीनचा डिंक सुटतो, बॅटरी फुगते. गरम हवेच्या झोतानं पाणी आणखी आत ढकललं जातं. फोन सुकवायचाच असेल तर पंख्याच्या साध्या वाऱ्यात, चार्जिंगचं तोंड खाली करून उभा ठेवावा. तोही दुकान उघडेपर्यंतच. बॅटरी फुगलेली दिसली किंवा फोन आपोआप तापू लागला, तर तो अंथरुणाजवळ, घरात ठेवू नये. भिजलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

टेबलावर उघडलेला फोन

चांगला कारागीर भिजलेल्या फोनला कसा हात घालतो, हे एकदा बघण्यासारखं आहे. मागची काच गरम पॅडवर ठेवून डिंक सैल करतात. कडेनं पातळ प्लॅस्टिकची पट्टी फिरवत झाकण उचलतात. आतले स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो बोर्डला भोक पाडतो, म्हणून काढलेल्या क्रमानंच ते चुंबकाच्या पाटीवर मांडले जातात. पहिलं काम एकच : बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तो सुटला की गंजाला मिळणारी वीज तुटते. इतका वेळ चाललेली घड्याळाशी शर्यत इथं थांबते.

मग बोर्ड बाहेर येतो. आयसींवरची पत्र्याची झाकणं उचलून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला जातो. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा बोर्ड भिंगाखाली वेगळाच असतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवे कोंब, आयसीच्या कडेला पांढरी साय, पुराचा फोन असेल तर मध्येच गाळाची रेघ. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवतात, मऊ ब्रशनं घासतात, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये काही मिनिटं ठेवतात. ध्वनिलहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना आयसीच्या पोटाखालची घाण सुटते. अल्कोहोल पाण्याला स्वतःत मिसळून घेतं आणि उडून जातं, मागं क्षार ठेवत नाही. कित्येक फोन एवढ्यावरच जागे होतात.

जे होत नाहीत, त्यांच्यासाठी शोध सुरू होतो. मल्टिमीटरनं मुख्य लाईनवर शॉर्ट आहे का ते तपासतात. असेल तर तो नेमका कुठं? बोर्डवर शेकडो कपॅसिटर असतात, त्यातला एखादा खसखशीच्या दाण्याएवढा. त्यांतला बिघडलेला शोधायची एक नामी पद्धत कारागिरांकडे आहे. बोर्डवर राळेचा धूर देतात. सगळीकडे पांढरा, पातळ थर बसतो. मग पॉवर सप्लायमधून अगदी कमी दाबाची वीज लाईनमध्ये सोडतात. ज्या भागात शॉर्ट आहे तो तापतो, त्याच्यावरची राळ वितळते आणि पांढऱ्या बोर्डवर एकच काळा ठिपका उघडा पडतो. गुन्हेगार तो. हीट गननं तो कपॅसिटर उचलला की अनेकदा शॉर्ट नाहीसा होतो.

आता नजर फोनवरून अँपिअरच्या आकड्यावर जाते. बॅटरीऐवजी पॉवर सप्लाय जोडून चालू करायची जोडणी दिली, की फोन किती वीज ओढतो यावरून आत काय चाललंय ते अनुभवी माणूस ओळखतो. आकडा हललाच नाही तर बोर्ड अजून झोपलेला. थोडा वर जाऊन एकाच जागी अडकला तर मेमरी किंवा प्रोसेसरकडे दुखणं. वर-खाली होत चढत गेला तर फोन सुरू होतोय, स्क्रीन काळी असली तरी. मग दुसरी चालू स्क्रीन तात्पुरती जोडतात, मालक पॅटर्न टाकतो आणि फोटो दिसतात. अशा वेळी शहाणा कारागीर दुरुस्ती पुढं नेत नाही. आधी केबल जोडून डेटा बाहेर काढतो. भिजलेला बोर्ड आज चालला म्हणजे उद्या चालेलच, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

गिऱ्हाइकानंही आपलं उत्तर पक्कं करून जावं : फोन हवाय की डेटा? डेटा हवा असेल तर ते काउंटरवर पहिल्या वाक्यात सांगावं. ‘फ्लॅश मारून’ किंवा ‘रीसेट करून’ फोन चालू करून मिळतो, पण तो रिकामा मिळतो. आणि चार दुकानं फिरवून आणलेला बोर्ड पाचव्याला देण्यात फारसा अर्थ उरत नाही. नको तिथं लागलेली हीट गन पाण्यापेक्षा जास्त नुकसान करते. डेटा काढताना मालकानं समोर बसावं, पिन कागदावर लिहून देऊ नये, विशेषतः घरातल्या बायका-मुलींचे फोटो असलेल्या फोनबाबत ही काळजी घ्यावी. नीट काम करणारा कारागीर या मागणीनं दुखावत नाही.

चिप शाबूत, तरी फोटो नाहीत

‘मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावा ना’, ही सूचना दुकानात रोज होते. ती चुकीची नाही, फक्त जुनी झाली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तसं जमायचं. चिप उचलायची, रीडरवर बसवायची, फोटो वाचायचे. मेमरी चिप राळेत बंद असते, पाण्याला ती सहसा दाद देत नाही.

आता फोटो त्या चिपवर कुलूपबंद असतात. आयफोनमध्ये किल्ली जपणारा स्वतंत्र भाग २०१३ च्या ५-एस या मॉडेलपासून आला. अँड्रॉइडनं २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून सक्षम नव्या फोनना आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून सरसकट सगळ्या नव्या फोनना कूटबद्ध साठवण सक्तीची केली. फोटो उघडायची किल्ली दोन गोष्टींतून तयार होते : तुमचा पिन आणि त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये कोरलेलं एक गुपित. ते गुपित प्रोसेसरच्या बाहेर काढता येत नाही. म्हणून चिप वेगळी काढली तर हाती लागतो तो निव्वळ अर्थहीन अक्षरांचा ढीग. डेटा हवा तर तोच प्रोसेसर, तीच मेमरी आणि त्यांना वीज देणारी यंत्रणा, निदान एकदा, एकत्र जिवंत करावी लागते. काही मोजके कारागीर ही जोडी उचलून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डवर बसवतात. प्रोसेसरलाच तडा गेला असेल किंवा पिन कोणालाच माहीत नसेल, तर तिथं कारागिरी संपते.

हे कुलूप आपल्याच भल्याचं आहे. चोरीला गेलेल्या फोनमधले फोटो चोराला दिसत नाहीत, ते याच्यामुळेच. पण त्याची किंमत पुराच्या दिवशी कळते. पुरात माणूस गेलं आणि त्याचा पिन घरात कोणाला ठाऊक नसला, तर चालू फोनही कायमचा बंद असल्यासारखाच. निदान नवरा-बायकोनं, आई-मुलानं एकमेकांचे पिन माहीत करून घ्यावेत, हा सल्ला रुक्ष वाटला तरी द्यायला हवा.

डेटा वाचवण्याची धडपड किती मोलाची ठरू शकते, याचं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल नावाचं प्रवासी जहाज बुडालं. ३०४ माणसं गेली, त्यात बहुतांश शाळेतली मुलं. समुद्रातून निघालेल्या काही फोनमधून तज्ज्ञांनी व्हिडिओ आणि संदेश परत मिळवले. जहाज कलत असताना मुलांना जागेवरच थांबायला सांगितलं जात होतं, हे त्या चित्रणातून देशानं ऐकलं. आई-बापांना मुलांचे शेवटचे शब्द मिळाले आणि चौकशीला पुरावा मिळाला.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती?

खोक्यावर आयपी-६७ किंवा आयपी-६८ लिहिलेलं असतं आणि विक्रेता निःशंक मनानं ‘पाण्यात टाका’ म्हणतो. आयपी-६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी-६८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते कंपनी स्वतः ठरवते. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. दोन वर्षं वापरलेल्या, एकदोनदा पडलेल्या, स्क्रीन बदललेल्या फोनची रबरी कड पहिल्यासारखी राहत नाही. पुराचं पाणी तर ना स्वच्छ, ना स्थिर.

जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतलं हे अंतर न्यायालयांनी आणि नियामक संस्थांनीही मोजलं आहे. पाण्यातल्या वापराबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. इटलीत नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला अशाच कारणासाठी १ कोटी युरो दंड झाला. आपल्याकडे वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं वाचावीत. पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, आणि सिमच्या खाचेत किंवा आत लावलेली पांढरी पट्टी पाणी लागताच लाल होऊन तशी साक्ष देते. फोनचा वेगळा विमा घेतला असेल तर त्यात पाणी धरलंय का, पूर धरलाय का, हे पावसाळ्याआधी विचारून घ्यावं.

सिम, कार्ड आणि कागद

भिजलेल्या फोनमधून दोन गोष्टी जवळपास नेहमी जिवंत निघतात : सिम आणि मेमरी कार्ड. दोन्ही राळेत बंद असतात, संपर्काच्या जागी सोन्याचा मुलामा असतो. स्वच्छ पाण्यानं गाळ धुवावा, मऊ कापडानं पुसावं, पूर्ण वाळू द्यावं. मेमरी कार्ड साध्या पद्धतीनं वापरलेलं असेल तर दुसऱ्या फोनमध्ये लगेच वाचता येतं. फोनच्या आतल्या साठवणुकीला जोडून ‘अंतर्गत’ केलेलं असेल तर मात्र ते त्याच फोनशी कूटबद्ध असतं, दुसरीकडे उघडत नाही. ई-सिम असेल तर काढायला काहीच नसतं. ते कंपनीकडून नव्यानं घ्यावं लागतं.

सिम हरवलं तर नवं घ्यायला वेळ जातो आणि फसवणूक रोखण्यासाठी बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणजे ओटीपी नाही आणि ओटीपीवर चालणारं बँकेचं कामही नाही. नेमक्या त्याच दिवसांत पैशांची गरज सगळ्यांत जास्त असते. म्हणून कागदांच्या पिशवीत थोडी रोख रक्कम असावी आणि चार जवळच्या माणसांचे नंबर वहीत हातानं लिहिलेले असावेत. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये जोडून ठेवावीत. २०१६ च्या नियमानुसार डिजिलॉकरमधून दिलेले दाखले मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात आणि ते कोणत्याही फोनवरून उघडता येतात.

इशारा पातळीला बॅकअप

डेटाचा खरा बचाव कोरड्या दिवसांत होतो, असं सुरुवातीला म्हटलं. तो कसा करायचा, हे नीट सांगायला हवं, कारण ‘गुगलवर सगळं आपोआप जातं’ या विश्वासावर अनेक घरांनी आपले फोटो गमावलेत.

गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. १ जून २०२१ पर्यंत थोडे लहान केलेले फोटो त्या हिशेबात धरले जात नव्हते. त्या दिवसापासून ते मोजले जाऊ लागले, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पंचगंगेनं ५६ फूट ओलांडले. आता व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. सूचना येते, आपण ती अंगठ्यानं बाजूला सारतो. दुसरी अडचण वायफायची. गुगल फोटोज मूळ सेटिंगमध्ये वायफायवरच बॅकअप घेतं. ज्या घरात फक्त मोबाईल डेटा आहे, तिथं वर्षानुवर्षं एकही फोटो वर गेलेला नसतो. तिसरी गोष्ट, व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ धरायचे की नाही, हे वेगळं खूण करून सांगावं लागतं. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो विसरल्यावर कंपनीही उघडून देऊ शकत नाही.

ऑनलाइन भरवसा नको वाटत असेल तर ओटीजी पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर फोटो उतरवून ते पुराच्या रेषेबाहेरच्या पाहुण्यांकडे ठेवावं. दागिने आणि जमिनीचे कागद आपण ठेवतोच की! जे परत मिळणार नाही, ते एकाच जागी असू नये, एवढंच यामागचं सूत्र आहे.

कोल्हापूरला या कामासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आकडा आधीपासून ठरलेला आहे. पाणी ३९ फुटांवर आलं की नदीकाठची घरं आवराआवर सुरू करतात. जनावरं हलवतात, धान्य माळ्यावर चढवतात. त्याच यादीत एक ओळ वाढवावी : इशारा पातळीला बॅकअप, धोका पातळीला फोन बंद पिशवीत. त्या वेळेपर्यंत बहुधा लाईट असते, नेटवर्क असतं. पुढं दोन्हींचा भरवसा नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून इतर सूचनांबरोबर ही सूचना देता येईल. पुरात बोटी आणि जेवण पोचवणाऱ्या तालीम मंडळांतली पोरं गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोन हाती घेऊन पाच मिनिटांत सेटिंग लावून देऊ शकतात. कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. भिजलेल्या फोनची बॅटरी सोडवून बोर्ड धुण्याचं प्राथमिक काम शिकवणारा छोटा अभ्यासक्रम अशा संस्थांनी दर मे महिन्यात घेतला, तर पुरानंतर गावोगावी हाताशी माणसं असतील आणि शेकडो फोन तांदळाच्या डब्यात कुजणार नाहीत.

चांगले कारागीर अवघड फोनही जागे करतात, पण कुलूपबंद चिपपुढं तेही हात टेकतात. म्हणून वाचकांना विनंती एवढीच. हा अंक बाजूला ठेवलात की फोनचं सेटिंग उघडा आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. तारीख जुनी असेल तर आजच घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचाही घेऊन द्या.